फौजेतल्या पाळकाच्या हातात काय असतं?

वाचकाचं पत्र

मी ३१ वर्षांचा ख्रिस्ती पाळक, म्हणजे धर्मगुरू आहे. चार वर्षं एकाच मंडळीत (चर्चमध्ये) सेवा करतोय. गेल्या वर्षी आमच्या मंडळीतला एक तरुण सैनिक रजेवर आला होता. उपासना संपली, सगळे निघून गेले, तरी तो बाकावर बसून राहिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "आमच्याकडं असं कुणी नाही, ज्याच्याशी बोललेलं वर जात नाही." ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही. फौजेत पाळक म्हणून जावं असं फार वाटतं. पण पत्नी म्हणते, "तुला वर्दीची ओढ आहे. लहानपणी सैन्यात जायचं राहून गेलं, ते आता देवाच्या नावानं पुरं करतोयस." आई विचारते, "शांतीच्या राजाचा सेवक तू. बंदुकांच्या गराड्यात जाऊन काय करणार, त्यांना आशीर्वाद देणार?" माझी स्वतःची भीती आणखी वेगळी आहे. जिथं कितीतरी लोक माझ्या श्रद्धेचे नसतील, तिथं माझा उपयोग काय? हे देवाचं पाचारण आहे की माझी हौस, हे कसं ओळखू?

– एक पाळक

उत्तर

प्रिय पाळकसाहेब, सलाम.

तुमचं पत्र आठवडाभर माझ्या टेबलावर होतं. मी २२ वर्षं सैन्यात हेच काम केलं, म्हणून उत्तर एका बैठकीत लिहून होईल असं वाटलं होतं. झालं नाही. तुमच्या आईचा प्रश्न तर मला निवृत्त झाल्यावरही सोडत नाही.

आधी त्या सैनिकाचं वाक्य घेऊ. सैन्यात प्रत्येक जण एका साखळीत अडकवलेला असतो. वरच्याला काही सांगितलं की त्याची नोंद होते, डॉक्टरला सांगितलं की कागद तयार होतो, सोबत्याला सांगितलं की दुसऱ्या दिवशी बराकीत सगळ्यांना ठाऊक असतं. या सगळ्यात एक माणूस असा लागतो, ज्याला कुणाला लढायला पाठवायचं नाही, कुणाच्या बढतीवर शेरा मारायचा नाही आणि ज्याच्यापाशी बोललेलं त्याच्यापाशीच राहतं. अमेरिकी सैन्यात पाळकाशी केलेलं खासगी बोलणं नियमानंच संरक्षित आहे. बोलणाऱ्याच्या संमतीशिवाय पाळकानं ते कुणालाही सांगायचं नसतं. कॅथलिक फादरांना तर पापनिवेदनात ऐकलेलं काहीही, कोणत्याही कारणानं, उघड करता येत नाही. ब्रिटनच्या शाही नौदलातला रिवाज मला सगळ्यात आवडतो. तिथं पाळकाला हुद्दाच नसतो. तो ज्याच्याशी बोलेल त्याच्या हुद्द्याचा, असं मानतात. खलाशापाशी उभा असेल तेव्हा खलाशी, ॲडमिरलपाशी उभा असेल तेव्हा ॲडमिरल. बाकी व्यवस्था देशागणिक बदलते. ब्रिटिश आणि अमेरिकी भूदलात पाळक कमिशन्ड अधिकारी असतो, भारतीय भूदलात धर्मशिक्षक ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर असतात. पण खांद्यावर काहीही असलं तरी पलटणीला हुकूम देणं हे त्याचं काम नसतं.

तुमच्या मंडळीतल्या त्या मुलाला असा माणूस भेटला नव्हता. ही उणीव खरी आहे, आणि ती तुम्हाला दिसली यात मला काही हौस दिसत नाही.

आता तिथं रोज काय करायचं असतं ते सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना फक्त झेंड्याशेजारी उभं राहून प्रार्थना करणारा पाद्री दिसतो. अमेरिकी भूदल आपल्या पाळकांचं काम तीन छोट्या वाक्यांत सांगतं: जिवंतांना जपा, जखमींची काळजी घ्या, मृतांचा मान राखा. व्याख्या चांगली आहे. त्यातलं पहिलं काम सगळ्यात जास्त वेळ खातं आणि त्याची नोंद कुठंच होत नाही. उपासना, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी), बाप्तिस्मा, लग्नाआधीचं समुपदेशन हे सगळं आहेच. पण बराच वेळ जातो तो नुसतं जाऊन उभं राहण्यात. गॅरेजमध्ये, दारूगोळ्याच्या कोठाराबाहेर, रुग्णालयात, कोठडीत. हो, कोठडीतही.

पहिल्या वर्षी मी फार बोलायचो. गप्प बसलो तर आपण निरुपयोगी दिसू, असं वाटायचं. एका हिवाळ्यात रात्री दोन वाजता पहाऱ्याच्या चौकीवर गेलो. पहाऱ्यावर एक कोवळा पोरगा होता. हातमोज्याचं एक बोट फाटलेलं, त्यातून नख दिसत होतं. मी शेजारी उभा राहिलो. तो मोटरसायकलबद्दल बोलायला लागला. कार्ब्युरेटर कसा खोलायचा, जेट कशी बुजते, ती तारेनं न टोकरता फुंकून कशी साफ करायची. पाऊण तास तेच. मला यंत्रातलं काही कळत नाही, म्हणून त्या रात्री तरी मी गप्प होतो. पहारा बदलायला पाचेक मिनिटं उरली असतील. त्याच सुरात, मान न वळवता तो म्हणाला, "हे सगळं वडिलांनी शिकवलं. ते गेले मागच्या महिन्यात. रजा मिळत होती, तरी मी गेलो नाही." तेवढ्यात दुसरा पहारेकरी आला. माझ्याकडं सांत्वनाची दोन वचनं तयार होती, ती मी गिळली आणि विचारलं, "उद्या इथंच असशील?" तो हो म्हणाला. दुसऱ्या रात्री मी पुन्हा गेलो, तिसऱ्या रात्रीही गेलो. तो घरी का गेला नाही, हे त्यानं मला अकराव्या का बाराव्या रात्री सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही.

ही गोष्ट अशासाठी सांगितली, की तुम्ही चार वर्षं पुलपिटवरून बोलत आला आहात. तिथं लोक तुमच्याकडं चालत येतात आणि तुम्ही बोलता. इथं तुम्ही चालत जायचं असतं, आणि बोलायचं त्यांनी.

पहिल्या महायुद्धातल्या थिओडोर बेली हार्डी या ब्रिटिश पाळकाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या पाळकाला देतो. खेड्यातल्या चर्चचे पाळक, त्याआधी शाळेचे मुख्याध्यापक. १९१४ मध्ये सैन्यात पाळक म्हणून जायला निघाले तेव्हा पन्नाशीला पोहोचले होते. वय जास्त म्हणून नाकारलं गेलं. १९१६ मध्ये घेतलं. तिथं पोहोचल्यावर त्यांनी आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या स्टडर्ट केनेडी या पाळकाला विचारलं, की काम करायचं कसं. केनेडींच्या सल्ल्याचा मतितार्थ असा: माणसांबरोबर राहा, ती जातील तिथं जा, मागच्या सुरक्षित जागी बसून राहाल तर तुमचं कुणी ऐकणार नाही. हार्डी रात्री अंधारात पुढच्या खंदकांमध्ये जायचे, खिशात सिगारेटी आणि खाऊच्या गोळ्या घेऊन. अंधारात कुणी दचकू नये म्हणून म्हणायचे, "मीच आहे." पलटणीत त्यांची ओळख त्या दोन शब्दांवर होती. जखमींपाशी ते तासन् तास गोळीबारात पडून राहिले. १९१८ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, राजानं त्यांना आपल्या मानद पाळकांमध्ये घेतलं, मायदेशी थांबायची सोय झाली होती. ते परत आघाडीवर गेले आणि १८ ऑक्टोबर १९१८ ला, युद्ध थांबायला महिनाही उरला नसताना, जखमांनी गेले. त्यांचं शौर्य मोठंच, पण माझ्या मनात राहतं ते "मीच आहे". पाळकाच्या सगळ्या कामाचं नाव ठेवायचं झालं तर मी तेच ठेवीन.

मृतांचा मान राखणं हे तिसरं काम. त्यात घरी बातमी नेणं येतं, आणि त्याची तयारी कुठल्याही धर्मशास्त्राच्या विद्यालयात होत नाही. बऱ्याच सैन्यांत बातमी सांगायला एक अधिकारी जातो आणि सोबत पाळक. एकदा आम्ही दोघं एका दारात उभे होतो. दार उघडणाऱ्या बाईच्या हातात लहान मुलाचा मोजा होता, एकच. तिनं अधिकाऱ्याकडं पाहिलं, माझ्या कॉलरवरच्या क्रुसाकडं पाहिलं, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाली, "याचा दुसरा सापडत नाहीये." वळून आत गेली आणि शोधायला लागली. अधिकाऱ्यानं त्याला नेमून दिलेलं वाक्य तिच्या पाठीकडं बघत म्हटलं. त्याचा आवाज स्थिर होता, त्याबद्दल मला आजही त्याचं कौतुक वाटतं. मग मी जमिनीवर बसलो आणि तिच्याबरोबर मोजा शोधायला लागलो. कपाटाखाली सापडला. तो हातात दिला, तेव्हा ती रडली. त्या दुपारी मी स्तोत्र वाचलं नाही. संध्याकाळी तिनंच मागितलं, तेव्हा तेविसावं वाचलं.

तुमच्या भीतीकडं येतो. माझ्या श्रद्धेचे नसतील त्यांचं काय? नियम साधा आहे आणि तो मनापासून पाळता आला पाहिजे. आपल्या मंडळीचे विधी आपण आपल्या श्रद्धेप्रमाणे करायचे, त्यात भेसळ करायची नाही. दुसऱ्या धर्माच्या माणसाला त्याचा धर्म पाळता यावा म्हणून जागा, वेळ, त्याचा धर्मगुरू मिळवून द्यायचा. आणि काळजी मात्र सगळ्यांची घ्यायची, कसलीही श्रद्धा नसलेल्याचीही. मरणाच्या दारातला मुसलमान, यहुदी किंवा हिंदू सैनिक तुमच्यासमोर असेल तर कुणाला बोलवायचं, कोण येईपर्यंत काय करायचं आणि काय करायचं नाही, हे पहिल्या महिन्यातच शिकून घ्या. न मागितलेला उपदेश तिथं करायचा नाही. गळून पडलेल्या माणसाच्या अवस्थेचा फायदा घेऊन त्याला आपल्या मंडळीत ओढणं हे मी चोरीच समजतो.

३ फेब्रुवारी १९४३ च्या पहाटे ग्रीनलंडजवळच्या समुद्रात 'डॉर्चेस्टर' हे अमेरिकी सैनिकांना नेणारं जहाज टॉर्पेडो लागून बुडालं. जहाजावरच्या ९०० हून अधिक लोकांपैकी साधारण २३० वाचले. त्यावर चार धर्मगुरू होते: मेथडिस्ट जॉर्ज फॉक्स, रिफॉर्म्ड चर्चचे क्लार्क पोलिंग, कॅथलिक जॉन वॉशिंग्टन आणि यहुदी रब्बी अलेक्झांडर गूड. जीवरक्षक जाकिटं कमी पडली तेव्हा चौघांनी आपापली काढून दिली. समोर जो होता त्याला दिली. घेणाऱ्याचा धर्म विचारायला त्या काळोखात कुणाला वेळ होता? वाचलेल्यांनी त्यांना शेवटचं पाहिलं ते डेकवर हात हातात गुंफून प्रार्थना करताना. तुमचा उपयोग काय, याचं उत्तर मला याहून चांगलं देता येणार नाही.

आता आईंचा प्रश्न. तो झटकून टाकू नका. आरंभीच्या मंडळीत रक्तपाताबद्दल खोल अस्वस्थता होती, आणि मेनोनाइट, क्वेकर यांच्यासारख्या मंडळ्या आजही कुठल्याही युद्धाला नकार देतात. त्यांच्याकडं भाबडेपणा म्हणून पाहणारा पाळक फौजेत जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या बाजूला, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडं सैनिक येऊन 'आम्ही काय करावं' असं विचारतात, तेव्हा तो त्यांना हाकलत नाही. जुलमानं कुणाचं काही घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असं सांगतो. येशूचा शिष्य पेत्र रोमन सैन्यातल्या कर्नेल्य शताधिपतीच्या घराचा उंबरठा ओलांडतो. सैनिकांना कुणीतरी ते सांगायला जावं लागतं, त्यांच्या घरात जाऊन.

फौजेतल्या पाळकाला इंग्रजीत 'चॅप्लेन' म्हणतात. त्या शब्दाच्या पोटातच आईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन सैनिकानं थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीनं कापून अर्धा दिला, अशी कथा आहे. पुढं त्या झग्याला फ्रँक राजे पवित्र मानू लागले, युद्धावर जाताना सोबत नेऊ लागले, आणि त्याची राखण करणाऱ्या धर्मगुरूंना झग्याच्या लॅटिन नावावरून 'कापेल्लानी' म्हणू लागले. त्यातून चॅप्लेन. पण तो मार्टिन पुढं काय करतो? लढाईच्या आदल्या दिवशी सेनापतीसमोर सांगतो, मी ख्रिस्ताचा सैनिक आहे, मला लढता येणार नाही. भित्रा म्हणाल तर उद्या शस्त्राशिवाय सगळ्यांच्या पुढं उभा राहतो. ज्याच्या नावानं आपलं पद चालतं, तो माणूस असा होता. अंगावर फौजेचा झगा, हातात शस्त्र नाही, आणि जीभ मात्र सेनापतीसमोरही चालणारी.

शस्त्र न धरणाऱ्या पाळकाला आज कायद्याचंही संरक्षण आहे. १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा करारातच डॉक्टर-परिचारकांबरोबर पाळकांना तटस्थ मानलं गेलं. १९४९ च्या करारांनी ते संरक्षण पक्कं केलं. शत्रूच्या हाती सापडलेला पाळक युद्धकैदी ठरत नाही, पण कैद्यांना त्याची गरज असेल तर त्यांच्यासोबत त्याला ठेवून घेता येतं. कोरियात १९५० मध्ये उनसानच्या लढाईत अमेरिकी सैन्यातले फादर एमिल कापॉन निसटू शकत होते. जखमींना सोडून जाणार नाही म्हणून मागं राहिले. एका जखमी सार्जंटवर बंदूक रोखलेल्या सैनिकाला त्यांनी हातानं बाजूला सारलं आणि त्या सार्जंटला उचलून चालू लागले. कैद्यांच्या छावणीत ते पत्र्याची भांडी ठोकून त्यात पाणी उकळायचे, आजाऱ्यांचे घाण कपडे धुवायचे, उपाशी सोबत्यांसाठी धान्य चोरून आणायचे. २३ मे १९५१ ला तिथंच गेले.

एक पेच मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही. अमेरिकी पाळक निःशस्त्र असतो, पण त्याच्या सोबत त्याचा सहायक असतो आणि त्याच्याकडं बंदूक असते. आपले हात रिकामे राहतात, कारण शेजारच्याचे भरलेले असतात. मला हा पेच सुटलेला नाही. तुम्हालाही तो सोबत घेऊन राहावं लागेल.

आणि जीभ चालली नाही तर काय होतं, तेही ऐका. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीकडं झेपावलेली विमानं ज्या टिनियन बेटावरून उडाली, तिथं फादर जॉर्ज झाबेल्का कॅथलिक वैमानिकांचे धर्मगुरू होते. ते त्यांची काळजी घेत, त्यांच्यासाठी मिस्सा (कॅथलिक उपासना) करत, त्यांची पापनिवेदनं ऐकत. शहरांवर, बायकामुलांवर बाँब पडताहेत हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याविरुद्ध त्यांनी एकही प्रवचन केलं नाही. हे त्यांनी पुढं स्वतःच जाहीरपणे कबूल केलं आणि उरलेलं आयुष्य शांतीच्या कामात घातलं. ते वाईट माणूस नव्हते. प्रेमळ होते, कष्टाळू होते, पोरांना आवडत होते. म्हणूनच त्यांची गोष्ट मला भिववते. पाळकानं कमांडरला नीतीबद्दल सल्ला देणं हे अनेक सैन्यांत त्याच्या कामाचा भागच आहे. कैद्याला मारहाण होतेय असं कळलं, तर कमांडरच्या तंबूत जाऊन सांगण्याची छाती तुमच्यात आहे का? त्यानंतर जेवताना तुमच्या शेजारी कुणी बसणार नाही. आईंना सांगा, बंदुकांना आशीर्वाद द्यायला मी जाणार नाही. पण हे सांगताना तुमचा स्वतःचा विश्वास बसला पाहिजे.

सैनिकाच्या आत काय मोडतं, त्याबद्दलही थोडं. मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांबरोबर काम करताना 'नैतिक जखम' ही कल्पना मांडली. भीतीनं होणाऱ्या आघाताहून ही निराळी. जे योग्य त्याचा विश्वासघात झाला, कधी वरच्यांकडून, कधी आपल्याच हातून, ही ती जखम. असा माणूस तुमच्याकडं येईल आणि सगळे त्याला सांगत असतील, 'तुझी काही चूक नाही.' त्याला ते खरं वाटत नसतं. पाळकाकडं यासाठी पश्चात्ताप आणि क्षमेची जुनी भाषा आहे, पण ती घाईनं वापरू नका. क्षमा लवकर देऊन टाकली की त्याला वाटतं, यानं माझं नीट ऐकलंच नाही.

आता राहिला तुमच्या पत्नीचा मुद्दा. पाळकीणबाईंचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. कदाचित अर्धं खरं असेल. वर्दीची ओढ असणं पाप नाही. ती ओढच सगळं गाडं ओढतेय का, एवढंच पाहायचं. यासाठी मी एक प्रश्न विचारतो. उद्या सैन्यानं तुम्हाला नाकारलं, वयामुळं, डोळ्यांमुळं, कशामुळंही, आणि तुमच्या मंडळीच्या वरिष्ठांनी सांगितलं की तुरुंगात जा, रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळी करा, बंदरावर खलाशांमध्ये सेवा करा, तर जाल? तिथंही घरापासून तुटलेली, घाबरलेली, बोललेलं वर जाऊ नये असं वाटणारी माणसंच असतात. उत्तर देताना मन खट्टू झालं, तर पत्नी बरोबर आहे. मन तितक्याच ओढीनं हो म्हणालं, तर अर्ज करा. तसंही बहुतेक सैन्यांत मंडळीच्या अधिकृत शिफारशीशिवाय पाळक घेत नाहीत, तेव्हा वरिष्ठांशी हे बोलावंच लागणार आहे. त्याआधी तीन महिने आठवड्यातून एक रात्र रुग्णालयात घालवा. नुसतं विचारत बसू नका.

पत्नीचा होकार हा पाचारणाचाच भाग आहे, असं मी मानतो. न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालू असताना, तिथल्या प्रॉटेस्टंट कैद्यांसाठी हेन्री गेरेकी या लूथरन पाळकांना नेमलं होतं. पन्नाशी उलटलेले, जर्मन बोलणारे. घरी परतायची संधी होती, तरी ते राहिले. गोअरिंग, काइटेल, रिबेनट्रॉप अशांच्या कोठड्यांत ते रोज जात. विश्वास नसलेल्या गोअरिंगनं शेवटच्या रात्री प्रभुभोजन मागितलं, तेव्हा त्यांनी नकार दिला. ज्यांचा पश्चात्ताप खरा वाटला त्यांना दिलं, आणि त्यांच्यासोबत फाशीच्या पायऱ्यांपर्यंत गेले. पण मधल्या काळात एक गोष्ट घडली. गेरेकींच्या पत्नी अल्मा यांना त्यांनी घरी यावं असं वाटत होतं. दोघांची दोन वर्षांहून अधिक काळ भेट नव्हती. हे कळल्यावर त्या कैद्यांनी मिळून अल्मांना पत्र लिहिलं, की तुमच्या पतीला आमच्याकडं राहू द्या. अल्मांनी पतीला थांबायला सांगितलं.

घरी एकटं राहून त्यांनी तो होकार दिला. हे मी तुमच्या पत्नीला दडपण यावं म्हणून सांगत नाही. माझ्या पत्नीनं पहिल्यांदा मला नाही म्हटलं होतं. मी अर्ज दीड वर्ष कपाटात ठेवला. तिचा विरोध कामाला नव्हता. मी घरी आल्यावरही घरात नसतो, याला होता. ते तिच्या तोंडून नीट ऐकायला मला दीड वर्ष लागलं, आणि पुढं पहाऱ्याच्या चौकीवर जे ऐकायला शिकलो त्याची सुरुवात तिथंच झाली. नेमणूक, बदल्या, चुकलेले वाढदिवस, आजारपणात एकटीनं काढलेल्या रात्री, यातलं बरंच ओझं तिच्याच वाट्याला येईल. नोकरीत असलेल्या एखाद्या पाळकाला भेटा, आणि त्याच्या पत्नीला तुमची पत्नी एकटी भेटू दे. तुम्ही त्या खोलीत नको.

हे उत्तर त्यांना वाचायला द्या. त्यांना जे विचारायचं असेल ते त्यांनी त्यांच्या हातानं लिहून मला पाठवावं. तुमच्या पुढच्या पत्राआधी मी त्यांच्या पत्राची वाट बघेन.